पहिला घोट

थंडी कुठे हवी ते चाचांना नंतर सांगायचं असे. आधी पाणी कुठे जाणार ते सांगायचं. चंद्रपुरातल्या कुठल्या दुकानदारानं किंवा डॉक्टरनं त्यांना एसी बसवायला बोलावलं आणि छताकडे बोट दाखवून "इथून हवा आली पाहिजे, तिथून आली पाहिजे" असं सुरू केलं, की चाचा हात वर करून त्याला थांबवायचे.

"थंडीचं मागून पाहू, भाऊ. पानी कुठी टाकता ते बोला."

समोरचा गोंधळायचा. एसी म्हणजे हवा, त्यात पाणी कुठून आलं? मग चाचा त्याला समजावत. छतात टांगलेली मशीन खोलीतली गरम हवा ओढते, थंड करते आणि पत्र्याच्या चौकोनी नळातून, म्हणजे डक्टमधून, जागोजागी सोडते. हवा थंड होताना तिच्यातलं पाणी सुटतं आणि मशीनखालच्या ट्रेमध्ये जमतं. त्याला वाट दिली नाही तर ते छत भिजवून गिऱ्हाइकाच्या डोक्यावर उतरतं. एवढं झालं की चाचा आवाज खाली आणून म्हणायचे, "अन् हे पानी कोनाच्या तरी तोंडात गेलं पाह्यजे. गटारात सोडाचं असन तं दुसरा मिस्त्री पाहा."

आणि खरंच, त्यांची प्रत्येक मशीन कुणाला ना कुणाला पाणी पाजत असे. कापडाच्या दुकानामागे चिमण्यांना, दातांच्या दवाखान्याच्या पायरीशी गल्लीतल्या कुत्र्यांना. मी तेव्हा चंद्रपुरात ज्या मंगल कार्यालयाचा मॅनेजर होतो, त्याच्या मागच्या भिंतीशी एका गवळ्याच्या म्हशींना. घमेल्याला आतून तेल लावायचं, सिमेंट ओतायचं, मध्ये मडक्याचं बूड दाबून खोलगा करायचा आणि सुकलं की घमेलं उलटं करून काढायचं. ही त्यांची कुंडी. मशीन बसली की कुंडी यायचीच, मालकाला हवी असो वा नसो.

आमच्याकडचा उन्हाळा कोरडा. मे महिन्यात तिथल्या हवेत पाणी असतं तरी किती? पण हॉलमध्ये पंगत बसली, भाताची वाफ निघाली, की नळी वाहायला लागे. चाचा नवरीच्या बापाला हाताला धरून मागे न्यायचे. "तुमच्या पाव्हन्याईचा घाम हाय हा. म्हशी पिऊन राह्यल्या. सवाब भेटन तुमाले, पुन्य भेटन." नवरीचा बाप बिचारा घाईत असायचा. म्हशींना नमस्कार करून परत पळायचा.

चाचांचं दुकान पठाणपुरा गेटाच्या आत होतं. आधी ते टिनाच्या पेट्या आणि कणग्या करत, मग कूलर करू लागले, आणि शहरात डक्टवाल्या मशिनी आल्या तेव्हा त्यांच्याकडे आले. त्यांचं आयुष्य थंडीवर चाललं आणि थंडीशीच त्यांचं वैर. सेहेचाळीस डिग्रीच्या उन्हात ते कानावरून लोकरी मफलर गुंडाळून यायचे. स्वतः बसवलेल्या जाळीखाली ते कधी उभे राहिले नाहीत. काम संपलं की बाहेर येऊन उन्हात उकिडवे बसायचे. "शेकून घेतो जरा," म्हणायचे. एकदा मी म्हटलं, चाचा, तुम्हाला स्वतःची मशीन सोसत नाही, मग लोकांना कशाला देता?

"थंड हवेत मानूस खोटं बोलते," ते म्हणाले. "घामात कोनी खोटं बोलत नाई. फुरसदच नसते त्याले."

मी हसलो होतो.

चाचा फार मोठे कारागीर होते असं मला भासवायचं नाही. फुशारकी मात्र मोठ्या कारागिराची होती. कापडाच्या दुकानात त्यांनी डक्ट एका वळणावर इतका अरुंद केला की मशीन सुरू झाली की शिट्टी वाजायची. दुकानदार वैतागला. चाचा म्हणाले, "गाऊन राह्यली. खुश हाय." शेवटी नागपूरहून एक इंजिनिअर आला, त्यानं वळण दाखवलं आणि चाचांनी तोंड वाकडं करून तो तुकडा कापून रुंद केला. त्यानंतर वर्षभर ते सगळ्यांना सांगत होते की वळण रुंद करायची अक्कल त्यांनीच नागपूरवाल्याला शिकवली. शाळा त्यांनी अर्धवट सोडली होती, पण इंग्रजी शब्द मोठ्या रुबाबात वापरायचे आणि बहुतेक चुकीच्या जागी.

पण काही बाबतींत ते कुणाचं ऐकत नसत. मशीन टांगण्यासाठी स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या ठोकल्या की मशीन चढवायच्या आधी ते स्वतः त्या सळ्यांना लटकायचे. दोन हातांनी धरून, पाय उचलून, मफलर लोंबत. हॉलमधली कामाची माणसं हसायची. "चाचा, झुला झाला का?" चाचा लटकल्या लटकल्याच उत्तर द्यायचे. "माह्या वजनानं पडली तं माह्यावरच पडन. मागून पडली तं कोनाच्या लेकरावर पडन." समाधान झालं की धपकन खाली उडी.

दुसरं फ्यूजचं. मशीन उघडायच्या आधी ते बोर्डातून तिचा फ्यूज उपटायचे आणि सदऱ्याच्या खिशात घालून वरून बटण लावायचे. स्विच बंद केला, मेन पाडली, यावर त्यांचा विश्वास नव्हता. मेन कुणीही येऊन चढवतं. खिशातला फ्यूज कुणी चढवत नाही. एका लग्नाच्या दिवशी, शुक्रवारी, ते असाच फ्यूज खिशात घालून नमाजाला निघून गेले. हॉलमध्ये वऱ्हाड उकडून निघालं. नवरदेवाचा मामा माझ्या अंगावर धावून आला. चाचा सावकाश परतले, मशीनमध्ये डोकं घालून सगळं नीट पाहिलं आणि मगच खिशाचं बटण उघडलं. मामा म्हणाला, "काऊन जी, नवरदेव शिजवता का?" चाचा म्हणाले, "शिजला तं वाढून घ्या. पन आत कोनाचा हात नाई हे पाह्यल्याबिगर मी फ्यूज नाई देत." मामाच हसला शेवटी.

आता त्यांची सगळ्यात विचित्र सवय. दर महिन्याला मशीन धुवायची असते. जाळ्या काढून धूळ झाडायची, ट्रेमधला चिखल आणि शेवाळ काढायचं, नळीतून पाणी सोडून ती मोकळी करायची. नळीला खाली एक वळण देतात, त्यात नेहमी थोडं पाणी साचून राहतं आणि त्यामुळे बाहेरची घाण, वास, किडे आत चढत नाहीत. त्या वळणाला चाचा नळीचं पोट म्हणायचे. धुण्याच्या दिवशी ते सर्वांत आधी बाहेर जाऊन कुंडी उपडी करायचे. आज प्यायचं नाही, अशी ती खूण. म्हशींना नसेल कळत, पण गवळ्याला कळायची. मग मशीन धुणं, साबण, दोनदा साधं पाणी. सगळं झालं, नळीतून स्वच्छ पाणी यायला लागलं, की चाचा नळीच्या तोंडाशी ओंजळ धरायचे आणि पहिला घोट स्वतः घ्यायचे.

मालक लोक तोंड फिरवायचे. पण चाचा घोट घेऊन तिथेच उकिडवे बसायचे, बिडी पेटवायचे आणि ती संपेपर्यंत उठायचे नाहीत. मध्ये कुणी बोलावलं तरी नाही. बिडी संपली की विझवून, पोटावरून हात फिरवून, कुंडी सुलटी करायचे.

"चाचा, हे काऊन?" मी विचारलं होतं.

"मुक्या जनावराले इचारता येत नाई ना, मॅनेजर," ते म्हणाले. "त्याच्यासाठी कोनीतरी आधी प्याव लागते."

दोन हजारच्या आसपास मी मोहर्लीला गेलो. जंगलाच्या तोंडाशी एका नागपूरच्या मालकानं लॉज बांधला होता, तिथे मला मॅनेजरची नोकरी लागली. जेवणाचा हॉल मोठा, जंगलाच्या बाजूची अख्खी भिंत काचेची. मालकाला तो हॉल गार हवा होता. मी चाचांचं नाव सांगितलं. मीच सांगितलं, हे लिहून ठेवायला हवं.

चाचा एसटीच्या टपावर पत्रे बांधून आले. सळ्यांना लटकले, मशीन टांगली, डक्ट जोडले. आणि अर्थात आधी विचारलं, पानी कुठी टाकता. मालक म्हणाला, शोषखड्ड्यात. चाचांनी पत्रे पुन्हा बांधायला घेतले. मी मध्ये पडलो आणि असं ठरलं की नळी काचेच्या भिंतीच्या बाजूनं कुंपणापर्यंत न्यायची आणि कुंपणापलीकडे, जंगलाच्या कडेला, कुंडी ठेवायची. तिथे हरणं आली तर पाहुण्यांना जेवता जेवता दिसतील. ही शेवटची गोष्ट मी मालकाच्या कानात घातली, तेव्हा तो खूश झाला.

हरणं आली. आधी मोर, मग वानरं, मग एका दुपारी दोन चितळ माद्या. चाचांनी कुंडी मोठी करून दिली. महिन्याला मशीन धुवायला यायचे तेव्हा काम झाल्यावर काचेच्या आतून नव्हे, बाहेरच्या उन्हात भिंतीला टेकून बसायचे आणि वाट पाहायचे. माद्या आल्या की हळूच म्हणायचे, "या बाई, या. लाजू नोका." माद्या कान हलवायच्या, पण पळायच्या नाहीत. त्यातली एक चाचा बसलेले असताना इतक्या जवळून जायची की तिच्या अंगावरचे ठिपके मोजता यावेत. मोहर्लीला दर महिन्याला येऊन, तिथल्या प्रत्येक ड्रायव्हरशी ओळख होऊन चाचा एकदाही सफारीला गेले नाहीत. म्हणायचे, "पाव्हने वाघ पाह्याले जाते. माह्याकडं तं लोकं घरी येते."

माझ्या आयुष्यातले ते बरे दिवस होते. पाहुणे खूश, मालक खूश.

मग एका मे महिन्यात मध्येच काही दिवस लॉज रिकामा होता. हॉल बंद, मशीन बंद. मशीन बंद असली की नळीच्या पोटातलं पाणी सुकतं, म्हणून चाचांनी मला बजावून ठेवलं होतं, अधूनमधून ट्रेमध्ये गडवाभर पानी टाकत जा, पोट रिकामं ठेवजा नोका. मी विसरलो. कोरड्या नळीतून लाल मुंग्या चढल्या आणि वर ट्रेपर्यंत त्यांनी घर केलं.

मग मालक त्याचे खास पाहुणे घेऊन आला. मोठी माणसं होती, बायका-मुलांसह. सकाळी मशीन सुरू केली आणि जेवणाच्या थोडं आधी छतातून थेंब पडायला लागले, नेमके मधल्या टेबलावर. नळी मुंग्यांनी आणि त्यांनी आणलेल्या मातीनं बंद झाली होती. मी चाचांच्या गल्लीतल्या पीसीओवर फोन केला. निरोप गेला आणि थोड्या वेळानं चाचांचाच फोन आला. ते एका दवाखान्यात मशीन उघडून बसले होते.

"फ्यूज माह्या खिशात हाय, मॅनेजर. ऑपरेशनची खोली बंद पडली हाय. सोडून येता येत नाई. उद्या पयल्या गाडीनं येतो."

मी म्हटलं, चाचा, मुंग्यांनी नळी भरली आहे, पाहुणे जेवायला बसायचे आहेत.

"मंग खाली बादली ठेवा. ट्रेमध्ये काहीबी टाकजा नोका. पानी गळते तं गळू द्या. पानी गळल्यानं कोनी मरत नाई."

बादली ठेवली असती तर काय झालं असतं? मालक चार शब्द बोलला असता. तो आधीच बोलत होता, "हे लगेच बंद करा, शोभतं का हे?" मी सावली तालुक्यातला, धानाच्या घरातला माणूस. किडा दिसला की आमच्या घरात हात कशाकडे जातो ते मला ठाऊक आहे. लॉनमधल्या वाळवीसाठी मी घरूनच धानावर मारायच्या औषधाचा डबा आणून ठेवला होता. मी शिडी लावली, छताचं झाकण उघडलं, मेन बंद केली, आणि ते औषध ट्रेमध्ये ओतलं. मुंग्या जागच्या जागी गळून पडल्या. मागून बादलीभर पाणी ओतलं, तार घातली. नळी गुडगुडली आणि वाहायला लागली, तेव्हा मी मेन पुन्हा चढवली. हॉलमध्ये औषधाचा वास पसरला होता, म्हणून मी कोपऱ्यांत अगरबत्त्या लावल्या. पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, आज पूजा आहे का.

त्या वेळी मी कुंडी विसरलो होतो. हे मी खरं सांगतो आहे. पण पुढचं जे आहे ते विसरणं नव्हतं.

पंगत अर्ध्यावर होती. मी बासुंदी वाढत होतो. मालक एकदम उठून म्हणाला, "ते बघा, आलं गिऱ्हाईक. आमच्या एसीचं पाणी पितात." सगळे काचेकडे वळले. मुलं खुर्च्यांवर चढली. दोन्ही माद्या कुंडीशी आल्या होत्या. पुढची तीच, चाचांच्या जवळून जाणारी. तिनं आधी मान वर करून इकडे तिकडे पाहिलं आणि मग मान खाली घातली.

त्या क्षणी मला आठवलं. नुसता हातातला डाव काचेवर आपटला असता तरी त्या पळाल्या असत्या. एक "हाड" पुरलं असतं. पण मग सगळे माझ्याकडे वळले असते आणि का हाकललं ते सांगावं लागलं असतं. मी मनाशी म्हटलं, बादलीभर पाणी ओतलंय, पातळ झालं असेल. असं म्हणत मी पुढच्या पानावर बासुंदी वाढली. बाहेर त्या पीत होत्या आणि आत मुलं टाळ्या वाजवत होती. हॉल छान गार झाला होता.

जेवणं उरकल्यावर मी धावत मागे गेलो, कुंडी उपडी केली आणि औषधाचा डबा शेणखताच्या खड्ड्यात पुरला.

चाचा म्हटल्याप्रमाणे पहिल्या गाडीनं आले. तोवर फॉरेस्टवाल्यांची जीप आली होती. दोन्ही माद्या कुंपणापासून जवळच नाल्यात पडलेल्या होत्या, तोंडाला फेस. एक मोर पलीकडे होता. त्या उन्हाळ्यात जंगलात पाणवठ्यात विष कालवून शिकार केल्याची कुजबुज सगळीकडे होतीच. वनपाल कुंपणाशी उभा राहून विचारत होता, नळी कोणाची, कुंडी कोणी ठेवली, उपडी कोणी केली. आमचा स्वयंपाकी भोळेपणानं बोलून गेला, "कुंडी तं चाचाच उपडी करते जी, धुवाच्या दिवशी."

तेवढ्यात चाचा समोरून चालत आले. मफलर, पिशवी, पिशवीत तारेचे ब्रश. त्यांनी नाल्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उपड्या कुंडीकडे पाहिलं. मशीन सुरूच होती, नळीतून थेंब थेंब येत होतं. ते खाली बसले, बोटावर एक थेंब घेतला आणि जिभेला लावला. लगेच थुंकले. पिशवीतली बाटली काढून चूळ भरली, पुन्हा थुंकले.

"काय हाय ते?" वनपालानं विचारलं.

चाचांनी मान वर केली आणि आमच्याकडे, हॉलच्या दारात उभ्या असलेल्या सगळ्यांकडे पाहिलं. माझ्याकडे जास्त वेळ पाहिलं असं मला वाटलं. पण तेव्हा मला झाडं पण माझ्याकडे पाहत आहेत असं वाटत होतं.

"नळी माही हाय," ते म्हणाले. "कुंडी माही हाय. पानी माह्या मशीनचं हाय."

"अन् दवा कोन टाकली?"

चाचांनी बाटलीचं झाकण लावलं आणि ती पिशवीत ठेवली.

वनपाल माझ्याकडे वळला. मालक माझ्या बाजूलाच उभा होता, हळूच म्हणाला, "आपलं नाव नको यायला." मी गार हॉलच्या दारात उभा होतो. पाठीवर थंड हवा येत होती. मी म्हणालो, "मशीनचं सगळं तेच पाहतात."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते वाक्य मी इतकी वर्षं स्वतःला ऐकवू शकलो.

चाचांना जीपमध्ये बसवताना त्यांनी मफलर सोडला आणि घडी करून पिशवीत ठेवला. त्यांचे कान मी पहिल्यांदाच पाहिले. पांढरे, लहान, म्हाताऱ्या माणसाचे कान.

आदल्या दिवशी ते दिवसभर दवाखान्यात होते असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून पुढे जामीन झाला. पण नळी त्यांची, कुंडी त्यांची, आणि दुसरं नाव कुणी घेतलं नाही. मालकाच्या ओळखी होत्या, लॉजला कुणी फार विचारलं नाही. केस लोंबकळत राहिली. चाचा तारखांना कोर्टात जाऊन बसायचे. शेवटी पुराव्याअभावी सुटले, पण तोवर शहरानं आपला निकाल दिला होता. पान टपरीवर पोरं म्हणायची, "चाचा, पानी पाजता का?" दवाखान्यांनी आणि दुकानांनी नवे मिस्त्री शोधले.

चाचांनी कुणाशी वाद घातला नाही, असं मला नंतर त्या कापड दुकानदारानं सांगितलं. जामिनावर सुटून आल्यावर ते पायीच शहरभर फिरले आणि आपल्या प्रत्येक मशीनच्या मागे जाऊन कुंडी उपडी करून आले. दुकानदार म्हणाला, "मी बोल्लो, चाचा, चिमण्या काऊन तरसवता? तं बोल्ले, मले आता भरोसा नाई." गवळ्यानं म्हशींची कुंडी पुन्हा सुलटी केली, तर दुसऱ्या दिवशी चाचांनी परत येऊन ती फोडली. जो माणूस शिट्टी वाजवणाऱ्या डक्टला "गाऊन राह्यली" म्हणायचा, तो आता हातोड्यानं आपलीच कुंडी फोडत होता, आणि मी मोहर्लीत पाहुण्यांना जेवू घालत होतो. आमच्या मशीनचं पाणी शोषखड्ड्यात जाऊ लागलं होतं. पुढच्या हंगामानंतर मी नोकरी सोडली. अपराधी वाटलं म्हणून सोडली असं सांगायला मला आवडलं असतं. सावलीला मंगल कार्यालयात काम मिळालं, घर जवळ पडत होतं, म्हणून सोडली.

घरी धानाला औषध मारायची वेळ आली की मी शेतावर जात नाही. भाऊ जातो. त्याला वाटतं, मला वासाचा त्रास होतो.

चाचांना भेटायला मी गेलो, त्याला मध्ये बरीच वर्षं गेली. दर उन्हाळ्यात ठरवायचो आणि दर पावसाळ्यात पुढे ढकलायचो. कुणीतरी म्हणालं, म्हातारा आता फार दिवसांचा नाही. तेव्हा एका दुपारी पठाणपुऱ्यात गेलो. दुकान बंद होतं, त्याच्या मागे घर. चाचा बाजेवर बसले होते. खोलीत कूलर होता, पण बंद. घामानं सदरा अंगाला चिकटला होता. मफलर कुठे दिसला नाही. कोपऱ्यात एक कुंडी होती, उपडी, तिच्यावर माठ ठेवलेला.

"बसा, मॅनेजर," त्यांनी लगेच ओळखलं.

मी बसलो. तब्येतीची विचारपूस केली. लॉज कुणी विकत घेतला ते सांगितलं. कापड दुकानदार वारला ते सांगितलं. मला जे सांगायचं होतं ते सोडून मी दर वेळी दुसरंच काही बोलत होतो. मलाही घाम फुटला होता. चाचा ऐकत होते, मान हलवत होते. मग मध्येच, मी त्यांच्या नातवाच्या शाळेबद्दल काहीतरी विचारत असताना, ते म्हणाले,

"मुंग्या मेल्या व्हत्या का मंग?"

रस्त्यावरून एक हातगाडी गेली. तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत मी ऐकला.

"हो," मी म्हटलं.

"साऱ्या?"

"साऱ्या, चाचा."

त्यांनी मान हलवली. जणू एखाद्या जुन्या कामाची राहिलेली माहिती मिळाली. मी म्हणालो, "चाचा, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही बोलला का नाही?"

"नळी माहीच व्हती ना," ते म्हणाले. "अन् तुमी बोलसान असं वाटे मले. आज नाई तं उद्या. तारखेच्या दिवशी दाराकडं पाहो मी."

मी उठलो. निदान पाणी द्यावं म्हणून माठातून ग्लास भरला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. ओठांपर्यंत नेला. मग खाली घेतला, पाण्यात पाहिलं आणि ग्लास परत माझ्या हातात दिला.

"पयला घोट तुमी घ्या."

त्यात राग नव्हता. मला तो शोधूनही सापडला नाही. मी घोट घेतला. माठाचं पाणी होतं, गार, थोडा मातीचा वास. मी गिळलं ते त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहत पाहिलं. मग ग्लास परत घेऊन आपल्या बाजूला बाजेवर ठेवला, उशीखालून बिडी काढली, पेटवली, आणि सावकाश ओढत बसले. मी समोर उभा होतो. बिडी अगदी बोटांना चटका बसेपर्यंत आली, तेव्हा त्यांनी ती जमिनीवर दाबून विझवली.

मग चाचा पाणी प्यायले.